बरो, गाढव आणि कच्छचा खूर

प्रश्न : माझ्या नातीनं टीव्हीवर अमेरिकेतले रानटी ‘बरो’ पाहिले आणि म्हणाली, “आजी, ही तर वीटभट्टीवरची गाढवं!” ती खरंच आपल्या गाढवांच्या जातीची का? मग कच्छची रानगाढवं कोण? आणि आपल्याकडे रस्त्यावर फिरणारी गाढवंही पुढे रानटी होतील का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : नातीची नजर अचूक आहे. बरो म्हणजे गाढवच, फक्त माणसाच्या हातून सुटलेलं. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात गाढवं अमेरिकेत नेली. पुढे सोन्याचांदीच्या शोधात हिंडणाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर पाणी, अवजारं आणि खनिज लादलं. खाणी बंद पडल्या, आगगाडी आली आणि गाढवं वाऱ्यावर सोडली गेली. ॲरिझोना, नेवाडाच्या कोरड्या मुलखात ती तगली, वाढली. 1971च्या कायद्यानं त्यांना संरक्षण मिळालं. ही गाढवं कोरड्या नदीपात्रात खुरांनी झिरे खणतात आणि त्या पाण्यावर हरणं, पक्षीही येतात, हे 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. ज्या जनावराला आपण बिनडोक म्हणून हिणवतो, त्याचं हे काम आहे.

या सगळ्यांचा पूर्वज आफ्रिकेतला. जनुकांच्या अभ्यासानुसार सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत गाढव माणसाळलं आणि तिथून जगभर पसरलं. तो मूळ रानगाढव आज इथिओपिया, इरिट्रियाच्या भागात जेमतेम उरला आहे. त्याच्या खुणा मात्र भट्टीवरच्या गाढवाच्या अंगावर दिसतात. पाठीच्या कण्यावरून जाणारा गडद पट्टा आणि त्याला खांद्यावर छेदणारी आडवी रेघ. काहींच्या पायांवर झेब्र्यासारखे पुसट पट्टे. पांढऱ्या गाढवात ते दिसणार नाहीत, राखाडीत शोधा. नातीला हे जरूर दाखवा.

कच्छच्या छोट्या रणातला खूर मात्र वेगळाच. तो आशियाई रानगाढव. पाळीव गाढवात 62 गुणसूत्रं असतात, आशियाई रानगाढवांत 56च्या आसपास. खुराचा रंग वाळूसारखा, पोट पांढरं, पाठीवर पट्टा आहे पण खांद्यावरची आडवी रेघ नाही. आपलं गाढव त्याच्यापासून झालेलं नाही. दोघं लांबचे चुलत. रोगराईच्या तडाख्यानंतर 1967च्या गणनेत खूर अवघे 362 उरले होते. 1973 साली अभयारण्य झालं आणि 2020च्या गणनेत ते सहा हजारांवर गेले. जपलं तर जनावर परत येतं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

गंमत म्हणजे गुजरातेतून महाराष्ट्रात गाढवं येतात, ती पाळीव. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तिथे उंचनिंच काठेवाडी गाढवाला गावठीपेक्षा जास्त भाव मिळतो. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार समाजातली माणसं दात पाहून वय ठरवतात, मग सौदा. हा बाजार आटतो आहे. 2019च्या पशुगणनेत देशभरात गाढवं सुमारे 1 लाख 20 हजार भरली, 2012च्या निम्म्याहूनही कमी. ओझं आता ट्रॅक्टर-टेम्पो वाहतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कल्याण, टिटवाळा, भिवंडीकडे मोकळी दिसणारी गाढवं बहुधा बेवारशी नसतात. दिवसभर विटा वाहून झाल्या की मालक त्यांना चरायला सोडतो. पुढचे पाय दोरीनं बांधलेले दिसले तर मालक जवळपास आहे असं समजा. काही खरंच टाकून दिलेली असतात, पण त्यांचे बरो होणं कठीण. एक तर रान नाही. वाहनं आणि कचराकुंडी आहे. दुसरं आपला पाऊस. गाढव मुळात कोरड्या मुलखाचं, त्याच्या केसांवरून पाणी नीट निथळत नाही. ते भिजून गारठतं, चिखलात खूर कुजतात. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात. तेव्हा मागे राहिलेलं गाढव पुलाखाली किंवा एखाद्या सोसायटीच्या शेडमध्ये उभं दिसेल. त्याला हुसकावू नका. कोरडी जमीन आणि मूठभर सुका चारा एवढीच त्याची गरज असते. लंगडत असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.