पावसाळ्यातला कांदा : कोणता घ्यावा, कोठे ठेवावा, कुंडीत कसा लावावा?

वाचकहो, कांदेनवमी तोंडावर आली आहे. आषाढ शुद्ध नवमीला भजी, थालीपीठ आणि झुणका यांवर यथेच्छ ताव मारायचा आणि मग चातुर्मासभर कांद्याला रजा द्यायची, ही रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. बाकीच्या घरांत मात्र कांदा बाराही महिने लागतो. एप्रिल-मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून गोणी-दोन गोणी भरलेला कांदा याच दिवसांत दगा देऊ लागतो. कुठे कोंब, कुठे पाणी सुटलेले, तर कुठे सालाखाली काळी भुकटी. गेल्या पंधरा दिवसांत दवाखान्यात एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून ऐकू आला, "डॉक्टरसाहेब, काळा पडलेला कांदा खाल्ला तर चालेल का?"

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा लेख.

कांद्याच्या सालावरची ही काळी भुकटी म्हणजे एक बुरशी आहे. तिचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस नायजर. आपले शेतकरी तिला काजळी म्हणतात. उष्ण आणि दमट हवा तिला मानवते. तिचे बीजाणू म्हणजे ती काळी पूड. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिसने थैमान घातले, तेव्हा कांद्यावरची काजळी हीच ती बुरशी असा संदेश मोबाईलवर गावोगाव फिरला. घाबरून पोतेच्या पोते कांदा उकिरड्यावर टाकणारी मंडळी मी पाहिली आहेत. तो संदेश साफ खोटा होता. म्युकरमायकोसिसची बुरशी निराळ्या जातीची असते. माती, शेण आणि कुजका पालापाचोळा ही तिची घरे. त्या वेळी ती बळावली ती मुख्यतः आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉईडचा मारा यांमुळे. त्यात कांद्याचा दोष नव्हता.

आता काजळी फक्त वरच्या एक-दोन सुक्या पापुद्र्यांत असेल आणि आतला गर घट्ट, स्वच्छ असेल, तर ते पापुद्रे काढावेत, कांदा वाहत्या पाण्याखाली धुवावा आणि खुशाल वापरावा. भुकटी गरात उतरली असेल, कांदा दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर तो फेकावा. "एवढा भाग कापून बाकीचा घेऊ" हा काटकसरीचा हिशेब मऊ पडलेल्या कांद्याला लावू नये.

कोंब आलेल्या कांद्याचे तसे नाही. हिरवा पडलेला किंवा कोंब फुटलेला बटाटा खाऊ नये, कारण त्यात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. हा नियम लोक कांद्यालाही लावतात. कांद्याच्या कोंबात तसले काही नसते. तो कांदा थोडा पोकळ आणि बेचव होतो, इतकेच. कोंबासह चिरून भाजीत घाला.

पोटापेक्षा छातीला जपा

माझ्या अनुभवात काजळीचा खरा त्रास पोटाला फारसा होत नाही, तो श्वासाला होतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगाव, पिंपळगाव, येवला, चांदवड या पट्ट्यात व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडायला शेकडो बायाबापड्या जातात. दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये बसून पाती कापायची, फोलपटे झटकायची, सडका-डागी वेगळा काढायचा. सालाचा भुगा, माती आणि काजळी यांची धूळ नाकातोंडात जाते. पावसाळा लागला की यांतल्या काही जणी माझ्याकडे खोकला घेऊन येतात. छातीत घरघर, रात्री धाप, नाक चोंदलेले. त्यांना मी नेहमी एक प्रश्न विचारतो : सुटीच्या दिवशी कसे वाटते? मार्केट चार दिवस बंद असताना खोकला कमी होत असेल आणि खळे सुरू झाल्यावर तो परत उसळत असेल, तर दुखण्याचे मूळ कामाच्या जागी आहे असा संशय घ्यावा. हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. आम्ही गर्दीत विचारायचे विसरू शकतो, तुम्ही सांगायचे विसरू नका.

अशा बायांनी तोंडाला पदर बांधून भागत नाही. पदरातून ही बारीक पूड सहज जाते. नाकावर घट्ट बसणारा चांगला मास्क लावावा, वाऱ्याकडे पाठ करून बसावे आणि घरी गेल्यावर आधी लुगडे बदलावे, मग पोराला जवळ घ्यावे. दम्याचा पंप लिहून दिला तर "एकदा लागला की सुटत नाही" म्हणून तो पिशवीत ठेवून देऊ नये. पंपातून औषध थेट छातीत जाते आणि मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर तो कांद्याचाच असे धरून चालू नये. क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्यावी.

आता घराकडे वळू. दोन खोल्यांच्या घरात कांदा ठेवायला जागा कोठली? तो जातो पलंगाखाली. वर दम्याचे पोर झोपलेले आणि खाली काजळी धरलेला कांदा! अशा एका मुलाच्या आईला मी औषध न बदलता फक्त कांदा ओसरीवर हलवायला सांगितले. पोराचे सगळे दुखणे गेले असे मी म्हणणार नाही, पण रात्रीची उठाठेव पुष्कळ कमी झाली. ज्या घरात दमा किंवा जुनी सर्दी आहे, तिथे कांदा झोपायच्या खोलीत ठेवू नये. निवडायचा तोही अंगणात, आणि दमेकऱ्याने निवडू नये.

याहून गंभीर गोष्ट सांगायची आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या काही जण राहत्या घरातल्या कोठीत टाकतात. दमट हवेत या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे आणि त्यावर उतारा नाही. माणसे झोपतात त्या घरात ही गोळी नको म्हणजे नकोच. कांदा टिकावा म्हणून त्यावर फवारणीचे औषध किंवा कसली तरी पावडर भुरभुरण्याचा उद्योगही करू नये. कांद्याला औषध लागत नाही. त्याला वारा लागतो.

टिकणारा कांदा ओळखावा कसा

कांदा टिकणार की सडणार हे निम्मे बाजारातच ठरते. आपल्याकडे कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे येतो. तो पाणीदार असतो, दोन-तीन आठवड्यांत संपवावा. रांगडा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतो, तो जेमतेम महिना-दोन महिने काढतो. साठवणीचा म्हणजे रब्बीचा, आपला उन्हाळ कांदा. एप्रिल-मे महिन्यात निघालेला आणि नीट सुकवलेला हा कांदा चार ते सहा महिने राहतो. निफाड भागातून आलेला जुना एन-२-४-१, फुरसुंगीचा स्थानिक कांदा, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण आणि भीमा शक्ती हे वाण टिकाऊ. बाजारात कोणी वाण सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा अंगठ्याने मान दाबून पाहा. मान बारीक, सुकलेली आणि मिटलेली हवी. जाड, ओली मान म्हणजे सडायला उघडे दार. साल कोरडे, हातात खुळखुळणारे हवे. आकार मध्यम बरा. जोडकांदा, डेंगळे आलेला (मध्ये दांडा असलेला) आणि कापलेला, ठेचलेला कांदा साठवणीला घेऊ नये. स्वस्त मिळाला तर त्याच आठवड्यात खाऊन टाकावा.

शेतकरी कांदा काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवतो, इंच-दीड इंच मान ठेवून पात कापतो आणि मग सावलीत पुन्हा दोन-तीन आठवडे वाळवतो. भावाच्या घाईत हे दुसरे वाळवणे राहून जाते. म्हणून गोणी घरी आली की ती तशीच कोपऱ्यात उभी करू नका. सावलीत पसरा. जुनी बाज असेल तर उत्तम, खालून वारा लागतो. नसेल तर विटांवर फळ्या टाका. थर वीतभरापेक्षा उंच नको. जाळीच्या पिशवीत भरून आढ्याला टांगलेलाही चालतो. प्लॅस्टिकची पिशवी, मोरीची भिंत आणि बटाट्याचा शेजार, हे तिन्ही टाळा. दर आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ झालेला वेचून काढा. एक सडका कांदा भोवतालच्या दहांना घेऊन जातो. फ्रीजमध्ये अख्खा कांदा ठेवू नये, तिथल्या ओलीने त्याला लवकर कोंब येतात आणि तो मऊ पडतो.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेल्या केंद्रात विकिरणाने कांद्याचे कोंब थांबवले जातात. असा कांदा किरणोत्सारी होत नाही, निर्धास्त खावा. पण विकिरणाने कोंब थांबतात, सड थांबत नाही. वारा त्यालाही हवाच.

चिरलेला कांदा 'जंतू ओढून घेतो आणि विषारी होतो' हेही असेच एक मोबाईलवरचे ज्ञान. कांदा काही लोहचुंबक नव्हे. झाकण लावून फ्रीजमध्ये एक-दोन दिवस ठेवायला हरकत नाही. मात्र पावसाळ्यात गाडीवरचा, सकाळपासून उघडा पडलेला आणि कोणत्या पाण्याने धुतला ते माहीत नसलेला कच्चा कांदा टाळावा. तिथे दोष पाण्याचा आणि हातांचा असतो.

पांढरा कांदा औषधी, म्हणून मधुमेहाच्या आणि हृदयरोगाच्या पेशंटसाठी दुप्पट भावाने आणणारे पुष्कळ भेटतात. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर आणि कमी तिखट असतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच्या वेण्या ओसरीवर टांगलेल्या देखण्या दिसतात. पण कांद्यातल्या ज्या क्वेर्सेटिन नावाच्या द्रव्याचा एवढा बोलबाला आहे, ते लाल कांद्यात भरपूर आणि पांढऱ्यात अगदी थोडे असते. तेही बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक, म्हणून लाल कांदा सोलताना दोन-तीन चांगले पदर फुकट घालवू नका. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी मात्र कोणत्याच रंगाच्या कांद्याने सुटत नाही. ज्यांना कच्च्या कांद्याने घशाशी जळजळ होते किंवा पोट फुगते, त्यांनी तो शिजवून खावा, तरीही त्रास झाल्यास कमी करावा.

कुंडीतला कांदा

कोंब आलेले कांदे फेकण्यापेक्षा कुंडीत लावा. वीतभर खोल, पसरट कुंडी किंवा फुटकी बादली चालेल. तळाला भोके हवीतच. माती, जुने शेणखत आणि थोडी वाळू मिसळून चार-चार बोटांवर कांदे अर्धे बुडतील असे लावावेत. पाणी बेताने द्यावे. दोन-तीन आठवड्यांत पात कापायला येते. मुळापासून न उपटता वरून कापली तर ती पुन्हा फुटते.

गड्डा हवा असेल तर थोडा धीर धरावा लागतो. उन्हाळ कांद्याचे बी नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाकावे, सहा-सात आठवड्यांची रोपे डिसेंबर-अखेर ते जानेवारीत लावावीत. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. लागणीनंतर चार महिन्यांच्या आसपास पात आपोआप माना टाकू लागते. निम्मी पात पडली की कांदा काढावा आणि त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. पांढरा हवा असेल तर भीमा श्वेता किंवा फुले सफेद घ्या. बी याच वर्षीचे असावे, जुने कांदाबी उगवतच नाही म्हटले तरी चालेल. युरोपातून कोणी हौसेने पाकीट पाठवले तर त्याची पातच खायला मिळेल. तिकडच्या वाणांना गड्डा धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो आणि आपल्याकडे जूनमध्येसुद्धा दिवस साडेतेरा तासांच्या पुढे जात नाही.

पातीवर पांढरट चट्टे दिसले तर ते बहुधा फुलकिडे. पाण्याचा जोरदार फवारा मारावा, फार झाले तर निंबोळी अर्क. शेतावरचे उरलेले कीटकनाशक आणून कुंडीवर मारू नका. ती पात तुम्ही उद्याच खाणार आहात.

जाता जाता, हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्यांसाठी. कांद्याच्या पातीत 'के' जीवनसत्त्व बरेच असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. पात बंद करायची गरज नाही. पण कुंडी बहरली म्हणून आठवडाभर रोज पातीची भाजी आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असे करू नका. थोडी आणि नेमाने खा, आणि रक्ताच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.