फरांग जावई आणि ईसानची लेक

थायलंडच्या ईशान्य भागाला ईसान म्हणतात. तिथल्या उदोन थानी शहरात मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात इथे अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. तेव्हापासून आसपासच्या खेड्यांत ‘फरांग’, म्हणजे गोरा, जावई ही नवलाई राहिलेली नाही. माझ्या वर्गातल्या बऱ्याचजणींची अशी लग्नं ठरलेली असतात किंवा झालेली असतात. या बायकांबद्दल बाहेर फार हलकं बोललं जातं, आणि मला ते सहन होत नाही. त्यांच्याकडून, त्यांच्या नवऱ्यांकडून आणि आयांकडून जे उमगलं, ते इथे मांडते.

१. ती किती शिकली हे विचारण्याआधी ती कोणत्या काळात शाळेत होती ते विचारावं.

साधारण १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत थायलंडमध्ये सक्तीचं शिक्षण चौथीपर्यंतच होतं. मग ते सहावीपर्यंत गेलं आणि २००२च्या कायद्याने नऊ वर्षांचं झालं. आज पन्नाशी-साठीत असलेली ईसानची बाई चौथी-सहावीत थांबली, कारण गावातली शाळाच तिथे संपत होती. पुढच्या शाळेला सायकल हवी, गणवेश हवा, आणि भातलावणीला हात कमी पडत. तिचा जर्मन किंवा इंग्रज नवरा मात्र ‘अर्धवट सोडलेली शाळा’ एवढंच ऐकतो आणि त्यावरून तिच्या बुद्धीचा अंदाज बांधतो. हा अंदाज साफ चुकीचा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीने बाजारात भाजीचा गाळा चालवला, निम्म्या गल्लीची उधारी तोंडपाठ ठेवली आणि दोन भावंडांना पदवीपर्यंत नेलं. थायलंडमध्ये प्रौढांसाठी अनौपचारिक शिक्षणाची सरकारी केंद्रं आहेत. मुलं मोठी झाल्यावर तिथून बारावी पूर्ण करणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत.

२. प्रत्येक थाई बायको खेड्यातली आणि गरीब नसते, आणि प्रत्येक जोडप्यात बायकोच थाई असते असंही नाही.

थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि पुढे थम्मसात विद्यापीठाचे प्रमुख झालेले पुय उंगफाकोर्न यांना त्यांची इंग्रज पत्नी मार्गरेट भेटली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. दोघंही एकाच संस्थेत शिकलेली. संस्कृती दोन असल्या तरी शिक्षण एक असेल तर संसार कसा निराळा उभा राहतो, हे अशा घरांत दिसतं. तिथे भांडण झालं तरी बरोबरीने होतं.

३. भाषेची परीक्षा दोघांपैकी एकालाच द्यावी लागते.

नवऱ्याकडे ब्रिटनला जायचं तर २०१०पासून इंग्रजीची प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागते. जर्मनीने तशी अट २००७मध्येच घातली. पंचेचाळिशीची बाई पाटी-पेन्सिलच्या वयानंतर पहिल्यांदा परीक्षेला बसते. शब्दाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘फ’ थाई जिभेवर टिकत नाही, म्हणून ‘वाइफ’ म्हणताना ती खालचा ओठ दाताखाली धरून श्वास सोडायचा सराव करते. बसमध्ये करते, गिरणीच्या रांगेत करते. नवऱ्याला वाटतं, एवढा सोपा शब्द येत नाही!

तो स्वतः मात्र गावात कित्येक वर्षं राहून देवळाबाहेरची पाटी वाचू शकत नाही. थाई लिपीत ४४ व्यंजनं आहेत, बोलण्यात पाच सूर आहेत, आणि लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अवघड आहेच. (मराठी माणसाला थोडी सवलत मिळते, थाई वर्णमाला आपल्यासारखीच ‘क’ वर्गाने सुरू होऊन ओळखीच्या क्रमाने पुढे जाते.) बायको परीक्षेचा अभ्यास करत असेल त्याच महिन्यांत नवऱ्याने थाई अक्षरं गिरवावीत, असं मी प्रत्येक नवऱ्याला आग्रहाने सांगते. जे ऐकतात त्यांच्या घरात बायकोला शिकवण्याचा स्वर हळूहळू नाहीसा होतो.

४. सिनसोद म्हणजे विकत घेणं नव्हे.

थाई लग्नात नवऱ्यामुलाने मुलीच्या आईवडिलांना द्यायच्या रकमेला सिनसोद म्हणतात. तिचा उल्लेख थायलंडच्या दिवाणी कायद्यातसुद्धा आहे. आपल्याकडे काही समाजांत देज देण्याची रीत होती, तिच्याशी याचं नातं जवळचं. हुंड्याच्या अगदी उलट. पाश्चात्त्य नवरा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा पडतो. माणसाची किंमत लावताय का, असं तो विचारतो.

एकदा समारंभ नीट पाहिला की शंका फिटते. चटईवर कापड अंथरतात, नोटा पंख्यासारख्या मांडतात, शेजारी सोन्याच्या साखळ्या ठेवतात. सोनं ‘बात’ या वजनात मोजतात, एक बात म्हणजे १५ ग्रॅमहून थोडं जास्त. दोन्हीकडची वडीलधारी माणसं सगळ्यांदेखत रक्कम मोजतात आणि त्यावर तांदूळ, तीळ, डाळीचे दाणे टाकतात, ते पेरल्यासारखं वाढावं म्हणून. मग नवरीची आई त्याचं गाठोडं बांधून खांद्यावर घेते, ओझ्याने वाकल्यासारखं करते, आणि सगळा मांडव हसतो. बऱ्याच घरांत यातला काही भाग, कधी सगळीच रक्कम, नंतर जोडप्याला परत मिळते. आकडा आणि परतीचं बोलणं आधीच, मोठ्या माणसांच्या मध्यस्थीने व्हावं. नवऱ्याने सासूशी थेट घासाघीस करू नये. तो अपमान ती विसरत नाही.

५. ईसानमध्ये जावईच मुलीच्या घरी राहायला जातो.

आपल्याकडे ‘घरजावई’ म्हटलं की नाकं मुरडतात. इथे मात्र लग्नानंतर जावयाने सासुरवाडीला राहायचं आणि धाकट्या लेकीने आईवडिलांना सांभाळून घर वारशाने घ्यायचं, ही जुनी रीत आहे. म्हणून धाकट्या लेकीशी लग्न करणाऱ्याने सासूसासऱ्यांसकट संसार धरून चालावं. ‘आपण दोघं आणि आपलं घर’ हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

६. गावी जाणारा पैसा म्हणजे आईबापांची पेन्शन.

सगळ्यात जास्त संसार इथे अडखळतात. दर महिन्याला बायको आईला पैसे पाठवते आणि नवऱ्याला वाटतं, सासर आपल्याला लुबाडतंय. पण त्याच्या सासऱ्याने आयुष्यभर भात आणि ऊस पिकवला, शेतकऱ्याला निवृत्तिवेतन नाही. सरकार म्हाताऱ्यांना भत्ता देतं तो साठी ओलांडल्यावर महिन्याला ६०० बात (थाई चलनाचं नावही बातच), सत्तरीनंतर ७००, ऐंशीनंतर ८०० आणि नव्वदीनंतर १०००. सहाशे बात म्हणजे आपले साधारण दीड-पावणेदोन हजार रुपये. त्यात महिना निघत नाही. नवऱ्याच्या देशात हीच जबाबदारी पगारातून कापून सरकार घेतं. इथे ती लेक उचलते.

त्यात एक धार्मिक धागाही आहे. मुलगा काही दिवस भिक्षू होऊन आईवडिलांचं ऋण फेडतो, त्याच्या दीक्षेचं पुण्य त्यांना मिळतं. मुलीला ती वाट नाही. ती कमावून, सांभाळून फेडते. म्हणून ‘आईला पैसे पाठवू नकोस’ हे वाक्य तिच्या कानाला ‘धर्म सोड’ असं ऐकू येतं. रक्कम ठरवून, लिहून ठेवावी आणि ती दरमहा न विचारता जाऊ द्यावी. भावाच्या मोटरसायकलचा हप्ता हा वेगळा विषय आहे. त्याला नाही म्हणायला हरकत नाही, आणि बायकोलाही बहुतेक वेळा नाहीच म्हणायचं असतं.

७. मुलांच्या शाळेवरून मतभेद होणारच.

बाप म्हणतो, शिक्षकाला प्रश्न विचार. आई म्हणते, शिक्षकांसमोर मान खाली. जून महिन्यात, बहुधा गुरुवारी, थाई शाळांत गुरुवंदनेचा दिवस असतो. मुलं गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपुढे तबक ठेवतात. त्यात इक्सोऱ्याची फुलं, वांग्याची फुलं आणि चक्क दूर्वा. इक्सोरा तल्लख बुद्धीसाठी, वांग्याचं फूल खाली वाकलेलं म्हणून नम्रतेसाठी, आणि दूर्वा भराभर पसरतात, कुठेही तगतात म्हणून. बापाला हे दडपण वाटतं, मला ते सुंदर वाटतं. पण बापाचं एक म्हणणं खरं आहे: समजलं नाही तर हात वर करण्याची सवय थाई वर्गात लागत नाही, ती घरीच लावावी लागते.

घरात आजी ईसानी बोलते, शाळा थाई, बाप इंग्रजी. तिन्ही भाषा राहू द्याव्यात. आई बहुतेकदा आधी ईसानी टाकते, गावंढळ समजून. तसं होऊ देऊ नये. आजीशी बोलायला मुलाकडे दुसरी भाषा नसते.

८. परदेशी गेलेल्या बाईची पदवी विमानतळावरच खाली बसते.

ईसानमधून डेन्मार्कच्या उत्तर जटलंडमध्ये लग्न करून गेलेल्या बायकांवर ‘हार्टबाउंड’ हा माहितीपट २०१८मध्ये आला. अशा लग्नांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा. माझ्या ओळखीची एक प्रशिक्षित परिचारिका परदेशात हॉटेलच्या खोल्या साफ करते, कारण तिथे तिची पदवी मान्य होण्याआधी भाषेची वरची पातळी लागते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिच्या भाषावर्गासाठी राखून ठेवायला नवऱ्याने तयार असावं. खर्च आहे, पण तो घराचाच खर्च आहे.

९. जमिनीच्या कचेरीत दोघांनी मिळून जावं.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. ती बायकोच्या नावावर होते, आणि पैसा तिचा स्वतःचा आहे अशा थाई कागदावर नवरा सही करतो. तो कागद त्याला वाचता येत नाही. म्हणून मी विद्यार्थिनींना सांगते, सहीआधी तिथेच बसून एकेक ओळ मोठ्याने वाचा आणि तुमच्या इंग्रजीत त्याला सांगा. मोडकं असलं तरी चालेल, कारण कोणतं शेत, कोणता बांध हे तुम्हाला ठाऊक आहे. मग त्याच खिडकीवर त्याच्या हयातभर राहण्याच्या हक्काची नोंद मागा. ती जमिनीच्या दस्तावर होते. बायको आधी गेली तर तिच्या भावंडांना त्याला घराबाहेर काढता येत नाही. ही नोंद त्याच दिवशी करून घ्यावी, पुढच्या खेपेवर ढकलू नये.