लिंक पडली की आधी हे बघ

पोरा, वाळूजचे कारखाने आणि जालना रोडवरची हॉटेलं आता तू सांभाळणार, म्हणून हे सांगून ठेवतो. व्हॉइसमेल आणि ईपीबीएक्स यांच्यामधली लिंक पडल्याचा अलार्म आला की साइटवरचा माणूस तुला पहिल्यांदा म्हणणार, "रीस्टार्ट करून बघा ना." ते करायचं नाही. लिंक तेवढ्यापुरती उठते, जुन्या मशीनमधला अलार्मचा इतिहास पुसला जातो आणि फॉल्ट जागच्या जागी राहतो. आधी दोन्हीकडचे लॉग उतरवून घे. दोन्हींची घड्याळं जुळतात का तेही तपास. एक दहा-बारा मिनिटं मागे असेल, तर आधी कोण पडलं आणि मागून कोण ओरडलं हेच कळत नाही, आणि निम्मा तपास त्या क्रमातच असतो.

ई-वन लिंक असेल तर अलार्मचा रंग नीट वाच. लाल म्हणजे आपल्याला समोरून काहीच येत नाही. पिवळा म्हणजे समोरचा कळवतोय, मला तुझं ऐकू येत नाही. तेव्हा जाणारी जोडी बघायची. पिवळा दिसताच येणारी जोडी चाचपत बसलेले जुनेजाणते मी पाहिलेत. निळा म्हणजे मधलं एखादं खोकं जिवंत आहे, पण त्याला मागून सिग्नल नाही, म्हणून ते नुसते एकामागून एक 'एक' पाठवतंय. निळा दिसला की दोन्ही टोकं सोड आणि त्या मधल्या खोक्याच्या मागे जा.

मग क्रोनवर लूप मार. आधी व्हॉइसमेलच्या बाजूला. तिचा लाल गेला तर तिचं कार्ड आणि तिथपर्यंतची केबल ठीक. मग तसाच लूप ईपीबीएक्सच्या बाजूला. दोन्हींचे लाल गेले तर दोष मधल्या जंपरमध्ये. व्हॉइसमेल एका कंपनीचं आणि ईपीबीएक्स दुसरीचं असेल तर दोघेही "आमच्याकडे सगळं ओके आहे" म्हणणार. त्यांच्याशी वाद घालू नकोस, दोघांनाही एकाच वेळी एमडीएफवर बोलाव आणि त्यांच्यासमोर लूप मार. सही घेऊन ठेव.

केबलचं एक लक्षात ठेव. ई-वनच्या आरजे कनेक्टरमध्ये १-२ ही एक जोडी आणि ४-५ ही दुसरी. क्रॉस करताना १ ला ४ आणि २ ला ५. कॉम्प्युटरवाला मुलगा नेटवर्कची क्रॉस केबल आणून लावतो, ती १-२ आणि ३-६ अशी फिरवलेली असते. दिसायला अगदी तशीच, पण त्यावर लिंक कधीच उठत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते क्लॉक. ई-वनवर सेकंदाला ८,००० फ्रेम जातात, प्रत्येक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. दोन्ही बाजू आपापल्या क्लॉकवर चालल्या तर त्यांचा वेग थोडाथोडा सरकत जातो, आणि अधूनमधून एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा येते. याला स्लिप म्हणतात. दिवा हिरवाच असतो. बोलण्यात बारीक टिकटिक येते, ती कोणी तक्रारीत सांगत नाही. पण सिग्नलिंगच्या चॅनेलवरचा निरोप त्यात फाटतो, मग लिंक दिवसातून कधीतरी पडते आणि आपोआप उठते. माणसं कार्डं बदलतात, केबल बदलतात, काही फरक पडत नाही. म्हणून स्लिपचा आकडा रोज लिहून ठेव. तो वाढत असेल तर क्लॉकची साखळी तपास: बीएसएनएलच्या पीआरआयकडून ईपीबीएक्सने घ्यायचं, ईपीबीएक्सकडून व्हॉइसमेलने. व्हॉइसमेलला कधीच मास्टर करायचं नाही.

रंग हिरवा, स्लिप शून्य, तरी एकही कॉल जात नाही, असं असेल तर नेटवर्क-साइड आणि यूजर-साइड बघ. एकाने नेटवर्क व्हायचं असतं, दुसऱ्याने यूजर. दोन्हीकडे यूजर टाकलं की तार जिवंत राहते, पण वरचा थर उठत नाही. नवीन सॉफ्टवेअर टाकल्यावर ही सेटिंग मूळ पदावर गेलेली मी पाहिली आहे, तेव्हा अपग्रेडनंतर पहिली तपासणी हीच.

लहान हॉटेलांत अजून साध्या एक्स्टेंशनवर चालणारं व्हॉइसमेल असतं. तिथे लिंकचा अलार्म नसतो, "सगळे पोर्ट बिझी" असा येतो. बाहेरच्याने फोन ठेवला तरी मशीनला कळत नाही, ते बिझी टोनच रेकॉर्ड करत बसतं आणि पेटी भरते. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकन मशीन मुळात ४८० आणि ६२० हर्ट्झच्या जोडटोनसाठी, अर्ध्या-अर्ध्या सेकंदावर बसवलेलं असतं. देश 'इंडिया' निवडला का एवढं बघितलं तरी काम होतं. ई-वनसारख्या डिजिटल लिंकवर आवाज खरखरीत, फाटका येत असेल तर तीच गत: आपला ए-लॉ, त्यांचा म्यू-लॉ.

फोन करणाऱ्याला साहेबांच्या आवाजाऐवजी "पेटीचा नंबर दाबा" असं ऐकू येतंय? मग बोलण्याची वाट शाबूत आहे. कॉल कोणासाठी होता ही माहिती जिथून येते ती लिंक मेली आहे. जुन्या जोडणीत ती वेगळी सिरियल केबल असते आणि निरोपाचा दिवाही बहुधा तिच्यावरूनच पेटतो-विझतो. दिवा अडकलाय का विचार, उत्तर मिळेल.

आता एसआयपी आलंय. त्यात अलार्मच्या वेळा कागदावर एकाखाली एक मांड. अंतर सारखं असेल तर मागे टायमर आहे: रजिस्ट्रेशनची मुदत, किंवा फायरवॉल शांत बसलेली यूडीपी वाट ज्या मुदतीनंतर बंद करतो ती. अंतर वेडंवाकडं असेल तर तांबं, उष्णता, वीज यांच्याकडे वळ. एकाच बाजूचा आवाज येतो तेव्हा सिग्नल पोचलेला असतो, आवाजाचे पोर्ट अडलेले असतात.

आपल्या भागाचं म्हणून एक वेगळं सांगतो. एप्रिल-मे मध्ये इथली काळी माती तडकते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि रॉड मातीपासून सुटतो. त्याच दिवसांत वळवाची वीज कडाडते. व्हॉइसमेलचा कॉम्प्युटर भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थवर आणि ईपीबीएक्स वेगळ्या खड्ड्यावर असेल, तर दोन्हींमधला फरक त्यांना जोडणाऱ्या केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. दोघांचं अर्थिंग एकाच पट्टीवर आण. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकायला वॉचमनला सांगून ठेव, आणि मशीनच्या खोलीतला एसी रात्री बंद करतात का ते स्वतः जाऊन बघ. दुपारी येणारा अलार्म पुष्कळदा तिथेच सापडतो.

काम झालं असं म्हणण्याआधी बाहेरच्या मोबाईलवरून एका खोलीला फोन लाव, उचलू देऊ नकोस, निरोप ठेव. दिवा लागला का बघ, निरोप ऐक, पुसून टाक, दिवा विझला का बघ. मग रजिस्टरमध्ये वेळ, रंग, स्लिपचा आकडा आणि कुठे हात लावला ते लिही, आणि दुसऱ्या दिवशी अलार्म आला होता त्याच वेळेला पुन्हा लॉग उघड.