यात फसले कोण?
(‘स्कॅम २००३’ या मालिकेच्या निमित्ताने)



नागरिकशास्त्राच्या तासाला राज्याच्या उत्पन्नाचा धडा चालू होता. ‘मुद्रांक शुल्क’ हे शब्द फळ्यावर लिहिले, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तेलगी!” सारा वर्ग हसला. चौकशी करता कळले की, बऱ्याच जणांनी ‘स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी’ ही मालिका घरी वडीलमंडळींबरोबर थोडीबहुत पाहिली होती. कोणी तेलगीच्या हुशारीची तारीफ केली, कोणी त्याच्या बोलण्याची नक्कल करून दाखविली. शेवटी एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, “पण सर, यात फसले कोण? ज्याने कागद घेतला त्याचे काम झाले, ज्याने विकला त्याला पैसे मिळाले. बुडाले ते सरकारचे. सामान्य माणसाचे त्यात काय गेले?”

प्रश्न प्रामाणिक होता. घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मुद्रांक म्हणजे काय, ते पाहू. काचीगुड्यात एखाद्या कुटुंबास घर भाड्याने घ्यावयाचे असेल, तर मालक व भाडेकरू करार लिहितात. तो कोऱ्या कागदावर न लिहिता विशिष्ट रकमेच्या मुद्रांक कागदावर, म्हणजे आपण ज्याला स्टॅम्प पेपर म्हणतो त्यावर, लिहिला जातो. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर घेणारा मनुष्य शंभर रुपयांचा कागद विकत घेत नसतो. कागदाची किंमत ती किती! तो सरकारला कर देत असतो, आणि तो कागद म्हणजे त्या कराची पावती असते. ही पद्धत हॉलंडमध्ये १६२४ साली सुरू झाली, इंग्लंडने ती १६९४ मध्ये उचलली आणि इंग्रजी अमलाबरोबर ती आपल्याकडे आली. १८९९ चा भारतीय मुद्रांक अधिनियम आजही आपल्या मुद्रांकविषयक कायद्याचा पाया आहे. विमापत्रे, शेअरांचे हस्तांतरण अशा काही दस्तांवरील शुल्काचे दर केंद्र ठरविते, इतरांचे राज्ये ठरवितात. परंतु राज्यांत गोळा होणारे हे उत्पन्न राज्यांच्याच तिजोरीत जाते. असे कागद छापणारी मुद्रणालये म्हणूनच कडक पहाऱ्यात असतात. नाशिक रोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस सर्वांस ठाऊक आहे. आपल्या हैदराबादेतही सिक्युरिटी प्रिंटिंग प्रेस असून तेथेही मुद्रांक कागद छापला जातो.

सारांश, मुद्रांक कागदावरचा आकडा हा विश्वासाचा आकडा आहे. या विश्वासाचीच ज्याने नक्कल केली, त्याची ही कथा.

अब्दुल करीम तेलगी याचा जन्म १९६१ साली बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे झाला. बेळगाव-लोंढा लोहमार्गावरचे हे गाव, आणि तालुक्यात घरोघर मराठी बोलली जाते. वडील रेल्वेत नोकरीस होते. ते लवकर वारले आणि मुलाला गाड्यांवर फळे विकून शिक्षण घ्यावे लागले. तरीही त्याने नेटाने वाणिज्य शाखेची पदवी मिळविली. येथपर्यंतचे चरित्र कोणत्याही शाळेच्या अंकात ‘कष्टाळू विद्यार्थी’ या मथळ्याखाली शोभले असते.

पुढे तो मुंबईस गेला, काही वर्षे सौदी अरेबियात राहिला आणि परतल्यावर मजुरांना आखाती देशांत पाठविण्याचा धंदा त्याने मांडला. त्या धंद्यात खोटी कागदपत्रे केल्याच्या आरोपावरून त्याला तुरुंगवास घडला. नंतर १९९४ च्या सुमारास त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळविला. परवाना खरा होता, दुकान खरे होते. माल मात्र पुढे खोटा होत गेला. नाशिकच्या मुद्रणालयातील बाद ठरविलेली यंत्रसामग्री त्याच्या हाती लागल्याचे तपासात पुढे आले. त्याने सुशिक्षित विक्रेते नेमले आणि बँका, विमा कंपन्या व शेअर दलाल यांना घाऊक माल पुरविण्यास प्रारंभ केला. खऱ्या मुद्रांकांचा तेव्हा वरचेवर तुटवडा पडे आणि लोकांना खेटे घालावे लागत. तेलगीचा माणूस मात्र हवा तेवढा कागद हवा तेव्हा घरपोच आणून देई, आणि वर सवलतही देई.

येथे पंचतंत्रातील एक गोष्ट आठवते. खांद्यावर बोकड घेऊन चाललेल्या ब्राह्मणाला वाटेत तीन ठक एकामागून एक भेटतात, आणि प्रत्येकजण म्हणतो, “महाराज, हे कुत्रे कशाला खांद्यावर घेतले?” तिसऱ्या वेळी ब्राह्मणाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो व तो बोकड टाकून देतो. तेलगीच्या गिऱ्हाइकांनाही असेच तीन आवाज ऐकू आले. भिंतीवरचा परवाना म्हणाला, माल खरा आहे. नीटनेटके कार्यालय म्हणाले, माल खरा आहे. शेजारची मोठी पेढी येथूनच घेते, हा लौकिकही तेच म्हणाला. कागद उजेडाकडे धरून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण सहज उच्चारतो. ती पाळणे मात्र अवघड जाते.

नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेर येथे अटक झाली. महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी विशेष तपास पथके नेमली. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००४ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. तोपर्यंत काही पोलीस अधिकारी व लोकप्रतिनिधीही अटकेत गेले होते. त्यांत आपल्या हैदराबादचे एक आमदारही होते. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. अटक झालेल्यांपैकी काही जण पुढे न्यायालयातून सुटले. तरीही ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीची आठवण त्या काळी अनेकांना झाली. जानेवारी २००६ मध्ये तेलगीला ३० वर्षांची सश्रम कारावासाची शिक्षा झाली. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आणखी १३ वर्षांची शिक्षा व २०२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये, कैदेत असतानाच, बंगळूरच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यात फसले कोण?

पहिले फसलो ते आपण सर्वच. ‘सरकारचे पैसे’ असे आपण म्हणतो, जणू सरकार म्हणजे परगावचा कोणी श्रीमंत सावकार. पण मुद्रांकाच्या उत्पन्नातून शाळांचे पगार होतात, दवाखान्यांत औषधे येतात आणि रस्त्यांवर खडी पडते. गिऱ्हाइकाने कर भरला, पण तो तिजोरीत पोहोचलाच नाही. आणि जे तिजोरीत पोहोचले नाही, त्याची उणीव कोणत्या तरी गावाला सोसावी लागतेच. ती सोसणाऱ्याला आपण लुटले गेलो हे कळतही नाही.

दुसरा फसला तो सरळ मार्गाने चालणारा गिऱ्हाईक. योग्य मुद्रांक नसलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करून घेतला जात नाही. आधी राहिलेले शुल्क व दंड भरावा लागतो, आणि हा दंड कमी पडलेल्या शुल्काच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, असे कायदा सांगतो. ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर घेतले आणि मुद्रांकाचे पैसे बिनतक्रार मोजले, त्याच्या हाती वादाच्या दिवशी निरुपयोगी कागद यावा, याहून मोठी फसवणूक ती कोणती?

तिसरा फसला तो प्रामाणिक नोकर व प्रामाणिक विक्रेता. खऱ्या मुद्रांकावर सवलत देणे त्याला शक्यच नव्हते. म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवून गेले आणि सचोटी हीच त्याची खोट ठरली.

मग हे तिघेही मालिका पाहताना आपल्या डोळ्यांसमोर का येत नाहीत? याचे उत्तर कथा सांगण्याच्या रीतीत आहे. तुषार हिरानंदानी यांनी दिग्दर्शित केलेली ही हिंदी मालिका सोनी लिव्ह या माध्यमावर सप्टेंबर व नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन खंडांत आली. हर्षद मेहता याच्यावरील ‘स्कॅम १९९२’ ही २०२० ची मालिका दिग्दर्शित करणारे हंसल मेहता या मालिकेच्याही पाठीशी होते, आणि पत्रकार संजय सिंह यांच्या हिंदी पुस्तकाचा तिला आधार होता. गगन देव रियार या नटाने तेलगी इतका हुबेहूब उभा केला आहे की, तो अडचणीत येताच आपला जीव खालीवर होतो. यात निर्मात्यांचा दोष नाही. कथा ज्याच्या सोबतीने चालते, त्याचीच भूक आपल्याला दिसते, त्याचेच भय आपल्याला जाणवते. ज्या गावाची शाळा पैशाअभावी अडली, ते गाव पडद्यावर येत नाही. कारण त्याच्या वाट्याला संवाद नसतात.

म्हणून अशी मालिका पाहताना मनाशी एक सवय लावून घ्यावी. नायकाने एखादी युक्ती साधली आणि हसू आले, की लगेच विचारावे : याची किंमत आता कोण मोजीत आहे? हसू आवरण्याची आवश्यकता नाही. प्रश्न मात्र विसरू नये.

दुसरी सवय आकड्यांविषयी. घोटाळ्याची रक्कम कोणी २० हजार कोटी सांगितली, कोणी ३० हजार कोटी. न्यायालयाने केलेला दंड २०२ कोटींचा होता. तोंडी फिरणारा आकडा आणि निकालपत्रातला आकडा हे वेगळे असतात. इतकेच नव्हे, तर डिसेंबर २०१८ मध्ये, तेलगीच्या मृत्यूनंतर, नाशिकच्या न्यायालयाने एका खटल्यात त्याला व सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष ठरविले. त्याने इतर गुन्ह्यांत भोगलेली शिक्षा त्यामुळे खोटी ठरत नाही; पण प्रत्येक आरोप स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो, हा न्यायाचा नियम त्यातून शिकावा. ठकाविषयी लिहितानाही खोटे लिहू नये.

या प्रकरणानंतर व्यवस्थाही बदलली. अनेक राज्यांत आता स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनमार्फत ई-मुद्रांक मिळतो. त्याच्यावर स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर घालून कोणालाही खरेखोटे ताडून पाहता येते. परंतु क्रमांक छापला म्हणून काम संपत नाही, तो कोणी तरी ताडून पाहिला पाहिजे. ठकाचे खरे भांडवल छापखाना नव्हे. ‘आता कोण पाहत बसतो’ हा आपला आळस आहे. मुद्रांकाच्या जागी आज दूरध्वनीवरचा गोड आवाज असेल, किंवा बँकेच्या नावाने आलेला संदेश असेल; आळस मात्र तोच आहे.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत एक छोटा अभ्यास करावा. वडीलमंडळींची परवानगी घेऊन घरातील एखादा भाडेकरार पाहावा. मुद्रांक किती रुपयांचा आहे, कोणाच्या नावे व कोणत्या तारखेस घेतला आहे, विक्रेत्याची सही व शिक्का आहे की नाही, हे वहीत टिपावे. आजवर न वाचलेला हा कागद घरातील सर्वांनी मिळून एकदा वाचावा.

आणि ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, तिला माझे सांगणे एवढेच की, त्या वर्गाच्या खिडकीचे मोडलेले दार दुरुस्त व्हावयाचे आहे, हे तू रोज पाहतेस. सरकारचा बुडालेला पैसा म्हणजे असे एखादे दार असते. तू विचारलेस म्हणून आम्हा सर्वांना ते मोजता आले. असेच विचारीत राहा.