फिजिशियन असिस्टंट : भूमिका, गुण आणि मर्यादा

रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर प्रत्येक रुग्णाजवळ सतत उपस्थित राहू शकत नाहीत. रुग्णाच्या प्रकृतीतील बदल मात्र त्यांची वाट पाहत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान व उपचारांत साहाय्य करणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे फिजिशियन असिस्टंट होय.

उगम

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये या अभ्यासक्रमाची सुरुवात केली. पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय सेवेचा अनुभव घेतलेले चार विद्यार्थी होते. भारतात १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशन येथे हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हे शिक्षण सुरू झाले.

कार्ये

* रुग्णाचा पूर्वेतिहास नोंदवणे व प्राथमिक शारीरिक तपासणी करणे.
* तपासण्यांचे अहवाल संकलित करून डॉक्टरांपुढे मांडणे.
* शस्त्रक्रियेत व त्यानंतरच्या देखभालीत साहाय्य करणे.
* घरी परतणाऱ्या रुग्णास औषधे व पथ्य समजावून सांगणे.

निदान व उपचारांविषयीचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

आवश्यक गुण

सूक्ष्म निरीक्षण, अचूक नोंद, सुस्पष्ट संवाद, सहानुभूती व गोपनीयतेचे भान हे गुण आवश्यक आहेतच. परंतु स्वतःच्या अधिकाराची मर्यादा ओळखणे हा सर्वांत महत्त्वाचा गुण होय. उदाहरणार्थ, हृदयशस्त्रक्रियेनंतर रात्री रुग्णाच्या लघवीचे प्रमाण घटले, तर ती हृदयाचे कार्य मंदावल्याची खूण असू शकते. ती ओळखून तत्काळ डॉक्टरांना कळवणारा सहायक रुग्णाचे प्राण वाचवू शकतो. स्वतःच्या अंदाजाने औषध बदलणारा सहायक मात्र तेच प्राण संकटात टाकतो.

कायदेशीर स्थान

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत दहा व्यवसायगट असून त्यांत फिजिशियन असोसिएट या नावाने या व्यवसायाचा समावेश आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मधील 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' ही संकल्पना याहून भिन्न आहे. त्या कलमानुसार मर्यादित परवानाधारकास प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत विनिर्दिष्ट औषधे स्वतंत्रपणे देता येतात. विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

समारोप

आपल्यावर उपचार करणारी व्यक्ती डॉक्टर आहे की सहायक, हे जाणण्याचा रुग्णाला अधिकार आहे. म्हणूनच सहायकाने आपली ओळख प्रथम स्पष्ट करावी. डॉक्टरांची उणीव आहे म्हणून सहायकाला त्यांच्या जागी बसवणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांचा वेळ गंभीर रुग्णांसाठी मोकळा करून देण्यातच या व्यवसायाची खरी उपयुक्तता आहे.