बोलक्या सहकाऱ्याशी संवाद

माणसांच्या स्वभावात अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल असतात, ही कल्पना स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे सर्वत्र परिचित झाली. बहिर्मुख माणूस बोलता बोलता विचार करतो. त्याचे पहिले वाक्य हा त्याचा निर्णय नसतो. तो निर्णयाचा शोध असतो. कार्यालयात त्याला केवळ टिपण पाठवून उत्तराची वाट पाहणे म्हणूनच पुष्कळदा निष्फळ ठरते. त्याला समोर बसून ऐकणारा माणूस हवा असतो.

मात्र ही गरज केवळ बोलक्या माणसांचीच असते, असे नाही. कुंभकोणम येथे वाढलेले गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन सामान्यतः एकांतप्रिय मानले जातात; तरीही गणिताचा विषय निघाला की त्यांनाही श्रोता हवा असे. आपल्या वह्या घेऊन ते अनेक जाणकारांच्या दारी गेले होते. १९१२ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. तेथील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे अभ्यासक होते. रात्री पाट्या घेऊन दोघेही गणिते सोडवीत. रामानुजन मधल्या पायऱ्या गाळीत, तेव्हा अय्यर त्यांना त्या लिहावयास लावीत. हे न समजल्याची कबुली देण्यात वरिष्ठाने कमीपणा मानला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डी यांनी आस्थेने उत्तर दिले, पण सिद्धतांची मागणी केली. पुढील पत्रव्यवहारात, आपली पद्धत दुसरे कोणी वापरील अशी भीती रामानुजन यांना वाटत असावी, असा तर्क व्यक्त झाला आणि त्याने ते दुखावले. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला होता. कागदावर मात्र स्वर उमटत नाही.

१९१४ च्या आरंभी केंब्रिजचे तरुण गणितज्ञ ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले. त्यांनी रामानुजन यांच्याबरोबर बसून त्यांच्या वहीची पाने पाहिली. काही भेटींनंतर रामानुजन यांनी ती वही त्यांना घेऊन जाण्यास दिली. नेव्हिल यांनी मग एकेका शंकेचे समाधान केले: इंग्रजी पुरेसे आहे, परीक्षा द्याव्या लागणार नाहीत, शाकाहार सांभाळता येईल. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन इंग्लंडला जाण्यासाठी जहाजात चढले.

या प्रसंगांतून तीन गोष्टी शिकता येतात. बोलक्या सहकाऱ्याला प्रथम मोकळेपणाने बोलू द्यावे आणि त्याच्या उत्साहात आपलीही आस्था मिसळावी. त्याने ओलांडलेल्या पायऱ्या न दुखवता विचाराव्यात. शेवटी जे ठरले ते दोन ओळींत लिहून त्याला दाखवावे, कारण बोलण्याच्या ओघात ठरलेली गोष्ट विसरली जाण्याचा संभव असतो. नंतरचे टिपण संभाषणाला बळ देते. संभाषणाच्या जागी आलेले टिपण मात्र पुष्कळदा गैरसमजाचे बीज पेरते.