संगणक दुरुस्तीची हत्यारे : आधी माप, मग काम

यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, वणी या गावांच्या बाजारपेठेत आज कापडाचे किंवा किराण्याचे मोठे दुकान संगणकाशिवाय चालविणे कठीण झाले आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बिल, खतावणी, विवरणपत्र असे सारे काम संगणकावर आले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याच्या ११ आणि २० या दोन तारखा सांभाळाव्या लागतात. नेमक्या त्याच वेळी यंत्र बंद पडले तर विलंब शुल्क व व्याज दुकानदाराच्या खिशातून जाते. अशा वेळी यंत्र नागपूर-अमरावतीला पाठविण्यापेक्षा गावातच भरवशाचा कारागीर मिळाला, तर व्यापाऱ्याचे काम अडत नाही आणि कारागिराच्या घरी रोजी येते. हा हुन्नर शिकू पाहणाऱ्या आपल्या तरुणांसाठी हत्यारांची माहिती येथे देत आहे.

कापडाच्या धंद्यात पहिला नियम असा की, मोजल्याशिवाय कात्री लावू नये. संगणक दुरुस्तीलाही हाच नियम लागू आहे. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत गेल्यास चांगले भाग निघून जातात, बिल फुगते आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून पेटी भरताना मोजण्याचे हत्यार सर्वांत आधी घ्यावे.

१) मल्टिमीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. बंद पडलेल्या डेस्कटॉप संगणकात प्रथम वीज पुरविणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, तपासावा. त्याच्या पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, तांबड्या तारेवर ५ व्होल्ट आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट असतात. काळी तार ही शून्याची. मापात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले तर ठीक. १० किंवा १०.५ दिसले तर मदरबोर्डाला दोष देण्याचे कारण नाही. डबा संगणकातून सोडवून पाहायचा असल्यास मोठ्या जोडातील हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो चालू होतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत जोड निराळा असतो, तेथे ही रीत वापरू नये.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डावरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी मोजावी. ती ३ व्होल्टची असते. माप बरेच खाली आले असेल तर बॅटरी बदलावी. एवढ्याशा कामासाठी मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला देणे गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

एक सावधगिरी पक्की लक्षात ठेवावी. एसएमपीएसच्या आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो टिकून राहतो. नवशिक्याने हा डबा उघडू नये.

२) सिरीज बोर्ड

आपल्याकडील रेडिओ-टीव्हीचे जुने कारागीर हे साधन घरीच बनवीत. लाकडी पाटीवर जुन्या तारेचा बल्ब आणि सॉकेट एकामागे एक जोडलेले असतात. संशयास्पद एसएमपीएस थेट विजेला न लावता या बोर्डाला लावावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. यामुळे फ्यूज उडत नाही, धोकाही कमी होतो. जोडणी मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

३) पेचकस आणि चिमटे

सर्वांत जास्त लागतो तो चार पाकळ्यांच्या तोंडाचा, बाजारात ज्याला स्टार म्हणतात तो पेचकस. डेस्कटॉपसाठी २ नंबर आणि लॅपटॉपसाठी १ व ० नंबर ठेवावेत. स्वस्त पोलादाचे तोंड लवकर झिजते आणि स्क्रूचे डोके खराब करते; येथे काटकसर करू नये. संगणकात मुख्यतः दोन प्रकारचे स्क्रू असतात, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. ते वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. चुकीचा स्क्रू जोराने बसविल्यास आटे कायमचे जातात. सोबत निमुळता चिमटा, नोज प्लायर, छोटी टॉर्च आणि लॅपटॉपचे झाकण उघडण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी असावी.

४) अंगावरची वीज

पॉलिस्टर साडीची घडी उलगडताना चटचट आवाज येतो, हे आपण कापडवाले रोज ऐकतो. ती स्थिर वीज. सुमारे तीन हजार व्होल्ट झाल्याशिवाय माणसाला तिचा झटका जाणवत नाही. पण संगणकाच्या नाजूक चिप्स त्याहून फार कमी दाबाने खराब होऊ शकतात. आपल्या भागातील कोरड्या हवेत हा धोका वाढतो. त्यासाठी मनगटावर बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा मिळतो. त्याचा चिमटा संगणकाच्या उघड्या धातूला लावावा. चालू विजेवर काम करताना मात्र पट्टा काढून ठेवावा. कामाच्या वेळी सुती कपडे घालावेत. सूत हवेतील ओलावा धरते, म्हणून त्यावर वीज कमी साठते. आपला जिल्हा कापसाचा आहे. ही सोय आपल्या घरचीच आहे.

५) साफसफाईचे सामान

जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू आणि वणी भागात कोळशाची धूळ पंख्यात व हीट सिंकमध्ये बसते. मग उन्हाळ्यात यंत्र तापून आपोआप बंद होते. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वेगाने फिरून पंखा बिघडतो. हीट सिंक काढला की जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. रॅमचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसले की अनेकदा बंद यंत्र सुरू होते. मात्र हे वारंवार करू नये, सोन्याचा थर फार पातळ असतो.

६) पेन ड्राइव्ह आणि तपासणीचे भाग

एका पेन ड्राइव्हवर विंडोज बसविण्याची प्रत, दुसऱ्यावर लिनक्स आणि तिसऱ्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट ठेवावा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला. नवे विंडोज न चालणाऱ्या कित्येक जुन्या यंत्रांवर मोफत लिनक्स चालते. मात्र दुकानाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे आधी पाहावे. याशिवाय चालू स्थितीतील एक एसएमपीएस, एक रॅम व साटा केबल स्वतःजवळ ठेवावी. संशय आलेला भाग काढून हा लावून पाहिला की दोष नक्की होतो.

नवीन संगणक जोडताना वेगळी हत्यारे लागत नाहीत. मदरबोर्ड डब्यात बसविण्याआधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅम व वीज जोडून चालवून पाहावा. प्रोसेसरला वीज देणारा चार किंवा आठ पिनांचा छोटा जोड नवशिके हमखास विसरतात. डब्यातील पितळी खुंट्या मदरबोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, हेही पाहावे. एखादी भलत्या जागी राहिली तर शॉर्ट होतो.

सोल्डरिंगचे २५ वॅटचे लोखंड नंतर घ्यावे आणि भंगारातल्या बोर्डावर हात बसेपर्यंत सराव करावा. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर शिकू नये.

गिऱ्हाइकाची अमानत

दुरुस्तीला आलेल्या हार्ड डिस्कमध्ये दुकानाचा हिशेब, उधारीची खाती, घरचे फोटो असतात. म्हणून हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी केबल पेटीत हवीच. विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी मालकाला विचारून या केबलने प्रत काढावी. खासगी काही उघडून पाहू नये. पावतीवर यंत्राचा क्रमांक, दोष आणि बदललेला भाग लिहावा, जुना भाग मालकाला दाखवावा. तांब्यासाठी तारा जाळू नयेत. तो धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत संस्थेकडेच गेला पाहिजे.

सुरुवातीला मल्टिमीटर, चांगले पेचकस, ब्रश, थर्मल पेस्ट आणि पेन ड्राइव्ह एवढे पुरेसे आहे. बाकीची हत्यारे कमाईतून एकेक घ्यावीत. कर्ज काढून पेटी भरण्याची गरज नाही. आधी मोजून मग बोलणारा कारागीर एकदा बाजारात माहीत झाला की गिऱ्हाईक त्याचे दुकान शोधत येते.